रेडकरांनी न वाचलेला कागद

एकोणीसशे सत्त्याऐंशी साल, माझं वय अडुसष्ट. शिरवण्याच्या नाक्यावर न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. अर्धा गाल झाला होता, अर्ध्यावर साबण होता. शाळेचे हेडमास्तर बाकावर पेपर वाचत आपल्या नंबराची वाट बघत होते. पेपरातून डोकं वर न काढताच ते म्हणाले, "आपल्या रेडकर बाईंचे यजमान गेले. परवा, ठाण्याला." न्हाव्याचा हात थांबला. रेडकर हे नाव माझ्यापुढं काढायचं नसतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, एक हेडमास्तर तेवढे नवीन. मी म्हटलं, "कोन रेडकर?" हेडमास्तर गडबडले. मी न्हाव्याला म्हटलं, "थांबलास कशाला? साबन सुकतोय." त्यानं उरलेला गाल केला. घरी येऊन मी अंघोळ केली. दाढीनंतर अंघोळ रोजचीच, पण त्या दिवशी मी डोक्यावरून पाणी घेतलं. सुनेनं ते बघितलं.

पुढं पंधरा दिवसांनी तुमच्याच पेपराच्या पुरवणीत त्यांच्यावर मजकूर आला. शब्दांचा माणूस, पाच भाषांचा जाणकार, कोर्टात कुणाशी वैर नसलेला सज्जन... सुनेनं मला तो दोनदा वाचून दाखवला. लिहिलंय ते खरं असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट आहे, ती त्या लिहिणाऱ्याला ठाऊक नाही आणि मला आहे, म्हणून हे लिहायला बसलो. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ सुनेनं नीट केलं आहे. मजकुराला तिला हात लावू दिलेला नाही.

खाडीवर पूल झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी रेडकर नवरा-बायको आमच्या गावात आले. बाई शाळेत बदलून आल्या होत्या. मी घराच्या बाजूला दोन खोल्या नुकत्याच बांधल्या होत्या, वेगळं दार काढून, त्या त्यांना दिल्या. रेडकर मुंबईच्या एका कोर्टात दुभाषी होते. दुभाषी म्हणजे काय ते त्यांनीच मला समजावलं. ज्याला इंग्रजी येत नाही त्याचं बोलणं न्यायाधीशाला इंग्रजीत सांगायचं, आणि इंग्रजीत लिहिलेला कागद त्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा. मग खाली सही करायची की मी हे वाचून दाखवलं आणि या माणसाला ते समजलं. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. ते मूळचे गोव्याच्या हद्दीवरच्या गावातले, त्यामुळे पोर्तुगीज लहानपणीच कानावरून गेलेली. फ्रेंच, जर्मन, लॅटिन हे त्यांनी पुस्तकं आणून घरी बसून केलं. त्यांच्या खोलीत भांड्यांपेक्षा बिस्किटांचे पत्र्याचे डबे जास्त. डब्यात चिठ्ठ्या. एका शब्दाची एक चिठ्ठी, तो शब्द कुठून निघाला, कुठल्या मुलखातून फिरला, वाटेत त्याचं काय काय झालं. कोर्टात कानावर पडलेले शब्द ते धरून घरी आणायचे. बाई म्हणायच्या, "लोकांचे नवरे येताना भाजी आणतात."

आता माझं सांगतो. आमच्या गावात तेव्हा बांधावरून भांडण झालं की मोजणीवाला शेवटी यायचा. आधी निरोप यायचा मला. "हिराजीला बोलवा." मी जायचो, बांधावर चालायचो, पाय आपटून सांगायचो, खूण इथं होती. लोक तिथं खणायचे आणि दगड निघायचा. निघाला नाही असं एकदाच झालं, आणि तेव्हासुद्धा तो दोन हात पलीकडं निघाला, कारण भावाभावांतल्या एकानं सरकवला होता. हे काही माझं कसब नव्हे. नवा दगड बसवायचा असला की माझा बाप मला सोबत न्यायचा, दगड बसला की माझा कान धरायचा आणि असा पिळायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. "आता नाय इसरनार," म्हणायचा. त्याच्या बापानं त्याचा पिळला होता. माझ्या डोक्यात आमच्या गावाचे सगळे बांध कानातून शिरले आहेत.

हे मी एकदा ओट्यावर चहा पिताना रेडकरांना गमतीत सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. आत गेले आणि एक डबा घेऊन आले.

"परत सांगा, हिराजीशेठ. कान पिळायचा? मारायचं नाही?"

"मारलेला पोरगा इसरतो. पिळलेला नाय."

"कुठला कान?"

"उजवा. डावा पिळला तर बहिरा होशील, असा बाप म्हनायचा."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसायला लागले, आणि थांबेचनात. मला वाटलं, चेष्टा करतात. मी उठायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, बसा, तुम्हांला तुमच्या बापाची जर्मनीतली भावकी दाखवतो. जर्मन लोकांत साक्षीदाराला जो शब्द आहे, त्सॉयगे, तो म्हणे ओढण्यावरून आलेला आहे. ओढून आणलेला माणूस. आणि तिकडच्या एका फार जुन्या कायद्यात असं लिहिलेलं आहे की व्यवहाराच्या वेळी साक्षीदाराचा कान ओढावा, म्हणजे त्याच्या ध्यानात राहील. "हे मी पुस्तकात वाचलं होतं," रेडकर म्हणाले, "पण कान ओढलेला माणूस आज पहिल्यांदा बघतोय."

मी म्हटलं, "म्हंजे तेंचे बाप पन आमच्या बापासारखेच."

त्या दिवसापासून आमचं जमलं. त्या सबंध हिवाळ्यात रेडकर कोर्टातून आले की हातपाय धुऊन ओट्यावर यायचे आणि त्या एका शब्दाची पुढची गोष्ट सांगायचे, जशी बाया एकमेकींना कुणाच्या घरचं काय झालं ते सांगतात. इंग्रजीतला विटनेस जाणण्यावरून आला. ज्याला माहीत आहे तो. आपला वेद, आपली विद्या, ती त्याचीच सख्खी भावंडं. आपल्या साक्षीत डोळा आहे, डोळ्यासकट हजर असलेला तो साक्षी. ग्रीक लोकांचा शब्द मार्तिस. त्यांच्यात पुढं साक्ष बदलण्यापेक्षा मेलेले बरे असं म्हणणारे लोक निघाले आणि शब्दाचा अर्थच फिरला. इंग्रज आता हुतात्म्याला त्याच शब्दानं मार्टर म्हणतात. आणि लॅटिनमध्ये तेस्तिस. पोर्तुगीजांचा, फ्रेंचांचा, स्पॅनिश लोकांचा, सगळ्यांचा साक्षीदार त्याच्याच पोटचा. त्याचा मूळचा अर्थ, तिसरा उभा असलेला.

"तुम्हांला यातला कुठला पटतो?" रेडकरांनी विचारलं.

त्यांना स्वतःला ग्रीकांचा आवडायचा. मरेन पण साक्ष बदलणार नाही, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. मला तो पटला नाही. मी म्हटलं, मेला तर पुढच्या बांधाला कोण येणार? मला लॅटिनवाल्यांचा पटला. दोघं भांडतायत, तिथं तिसरा उभा आहे. त्याला काही करायचं नाही, पळून जायचं नाही एवढंच. रेडकरांनी मान हलवली, चिठ्ठी काढली, त्या सगळ्या परक्या अक्षरांखाली मराठीत कान पिळायची रीत लिहिली आणि पुढं लिहिलं, सांगणार हिराजी म्हात्रे, शिरवणे. मला वाचून दाखवलं. माझं नाव तोवर सातबाऱ्यावर आणि मतदारांच्या यादीत, एवढंच कागदावर आलेलं. चार दिवस मी नाक्यावर ज्याला त्याला ते सांगत होतो. जर्मन लोकांच्या कायद्याशेजारी माझं नाव आहे म्हणून... लोक हसत होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

नव्या शहरासाठी जमिनी घ्यायच्या नोटिसा तेव्हा लागल्याच होत्या. शेतं गेली ती सगळ्यांचीच गेली, त्याचं इथं लिहीत नाही. पण गावाच्या पश्चिमेला, मिठागराच्या बांधाला लागून एक मोठा उंचवटा होता, त्याला आम्ही वाळवण म्हणायचो. बाया तिथं मासळी सुकवायच्या, जाळी पसरायचे, भात झोडायचे, लग्नाचा मांडवसुद्धा तिथंच. कागदावर ते मुंबईच्या एका शेठचं होतं. गावाचं म्हणणं असं की आमच्या आज्याच्या आज्यापासून आम्ही ते वापरतो, कुणाला न विचारता वापरतो, तेव्हा हक्क आमचा. वकील म्हणाला, हे शाबित केलंत तर वाळवण वगळलं जाईल. फक्त, न विचारता वापरत आलो, हे शाबित व्हायला पाहिजे. विचारून वापरलं असेल तर तो हक्क नाही, मेहेरबानी. गंगाराम पाटील तेव्हा गावकीचा प्रमुख, तो पुढं झाला, गावानं दावा घातला. आणि साक्षीदार कोण, हे कुणाला विचारावंच लागलं नाही.

वकिलाच्या खोलीत मी दोन तास बोललो. सगळं सांगितलं. त्यात मी हेही सांगितलं की शेठचा मुनीम वर्षातून एकदा फेरी मारायचा, तेव्हा आमच्या बाया त्याला सुक्या जवळ्याची एक टोपली द्यायच्या. माणूस उन्हातून गावात आला तर त्याला रिकाम्या हातानं कोण पाठवतं? आमच्याकडं पोस्टमनलासुद्धा देतात. हे मी मोठेपणानं सांगितलं, आमचं गाव कसं आहे ते कळावं म्हणून. वकिलाचा कारकून भराभर लिहून घेत होता. तो देशावरचा, त्याला जवळा म्हणजे काय तेही मला सांगावं लागलं. त्यानं त्याचं इंग्रजी केलं ते असं, की दरवर्षी मालकाच्या माणसाला मासळी देऊन गावकरी जागा वापरायची परवानगी घेत असत. कारकुनानं ते मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याच्या गावात टोपलीचा अर्थ तसाच असेल.

माझं प्रतिज्ञापत्र कोर्टात दाखल करायच्या दिवशी ते मला समजावून सांगायला नेमके रेडकर होते. मला केवढा आनंद झाला होता. त्यांचं टेबल एका लांब खोलीत होतं, बाकावर दहा-बारा माणसं बसलेली, आणि त्या सगळ्यांदेखत रेडकर उठून म्हणाले, "या हिराजीशेठ, इथं माझ्याजवळ बसा." वकिलाचा कारकून उभाच. त्याला घाई होती, दोनच्या आत कागद द्यायचा होता. रेडकरांनी पाच पानांची ती चळत उचलली, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा शब्द बघा. अॅफिडेव्हिट. हा लॅटिनमधून जसाच्या तसा उचललाय. म्हणजे, त्यानं शपथेवर आपला विश्वास दिला." मी विचारलं, "मग तो तेस्तिस नि हा, एकाच घरचे काय?" हे मीच विचारलं. त्यांचा चेहरा उजळला. मग तो विश्वासाचा लॅटिन शब्द, फीदेस, तो इटलीत कसा गेला, पोर्तुगालात कसा गेला, फ्रान्समध्ये त्याची शेपटी कशी झडली... बाकावरची माणसं कान देऊन ऐकत होती. मी त्यांच्याकडं बघत होतो, की बघा, मी कुणाशेजारी बसलोय. कारकून खाकरला. रेडकरांनी घड्याळ बघितलं, पाचही पानं उलटली, पत्त्यांसारखी, आणि म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तसंच आहे सगळं. समजलं?"

मी म्हटलं, "समजलं." असं म्हणायची रीतच असते.

त्यांनी सही केली, की मी वाचून दाखवलं. त्यावर मी सही केली. अंगठा नव्हे, सही. बाईंनी मला म्हात्रेमधला जोड नीट काढायला शिकवला होता, तो मी नीट काढला.

पुढं दाव्याची तारीख आली तेव्हा आम्ही गावातले वीसजण गेलो होतो. समोरच्या वकिलानं माझाच कागद उचलला आणि माझंच वाक्य वाचलं. मला इंग्रजी कळलं नाही. पण त्यानं ते वाचल्यावर आमचा वकील मान वळवून माझ्याकडं ज्या नजरेनं बघत राहिला, ती कळली. मग कुणीतरी गंगारामच्या कानात मराठीत सांगितलं. निकाल नंतर लागला, पण खरं म्हणजे तिथंच सगळं संपलं. परत येताना एस्टीत माझ्या शेजारची जागा वाशीपर्यंत रिकामी राहिली. उभ्यानं आलेली माणसं होती आणि माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

रविवारी गावकी बसणार होती. मी शनिवारी रेडकरांच्या दारात गेलो, त्यांना कोर्टाची सुट्टी होती. बाई शाळेत होत्या. मी म्हटलं, "उद्या गावापुढं एवढाच सांगा, का कागद वाचून दाखवला नव्हता. बाकी मी बघतो." ते बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "हिराजी, वाचून दाखवलं म्हणून माझी सही आहे त्यावर. ती खोटी ठरेल. नोकरी जाईल."

"माजी पन सही हाय त्यावर," मी म्हटलं.

"बघतो," म्हणाले.

मला वाटलं, बघतो म्हणजे येतो. त्या एका वर्षात त्यांनी मला इतकं सांगितलं होतं त्या शब्दाबद्दल, की दुसरं काही माझ्या डोक्यातच आलं नाही. सकाळी देवळापुढं सारा गाव बसला. गंगारामनं विचारलं, "हिराजी, मुनीमाला टोपली देऊन आपून परवानगी घेत व्हतो, असा तू लिवून दिलास?" मी म्हटलं, नाही. मला तो कागद वाचूनच दाखवला नाही. रेडकर साहेबांना विचारा. रेडकर उठले. पांढरा शर्ट, बाह्या खाली सोडलेल्या. जमिनीकडं बघत म्हणाले, "मी वाचून दाखवला होता. त्यांना समजला होता." आणि परत बसले. एवढंच बोलले... ज्याला पाच भाषा येत होत्या तो माणूस.

माझ्यावर कुणी ओरडलं नाही. दंड नाही, वाळीत टाकणं नाही, तसलं आमच्याकडं काही झालं नाही. फक्त मला बोलावणं थांबलं. पुढच्याच महिन्यात दोन चुलतभावांचं बांधावरून भांडण लागलं. मी घरात कपडे करून बसलो होतो, की आता निरोप येईल. दुपारी माझ्या दारावरून मोजणीवाला साखळी घेऊन गेला. त्यानं खूण दीड हात चुकीची लावली. ती आजही चुकीची आहे. बारा वर्षांत मला कुणी एकदाही विचारलं नाही की दगड कुठं होता. लग्नकार्यात पंगतीला बसायला जागा नसली की गंगाराम मोठ्यानं म्हणायचा, "हिराजीला इचारा, तो परवानगी देईल." लोक हसायचे. माझा मुलगा ताटावरून उठून जायचा. मी जेवायचो, सगळं पान संपवायचो.

रेडकर, बाईंची बदली करून घेऊन, पाच महिन्यांनी गेले. दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, ते मी पोस्टमनच्या हाती परत द्यायचो. वाळवणावर आता कंपाऊंड घातलेली सोसायटी आहे. आमच्या बाया घराच्या गच्चीवर मासळी घालतात आणि खालचे भाडेकरू वासाच्या तक्रारी करतात. कुणी वाईट माणसानं मला असं फसवलं असतं तर मी ते विसरलो असतो, वाईट माणसं खूप बघितली. पण साक्षीदार म्हणजे काय हे ज्यानं मला दहा मुलखांच्या भाषांतून समजावलं, त्यालाच मी उभं राहायला सांगितलं होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं.

पुरवणीतला मजकूर वाचून झाला त्याच आठवड्यात मी ठाण्याला गेलो. सांत्वनाला गेलो असं सुनेला सांगितलं. खरं सांगतो, भांडायला गेलो. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, तर निदान त्याच्या घरात जाऊन एकदा बोलावं, एवढ्यासाठी. बाईंनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे. "या हिराजीभाऊ," म्हणाल्या, जसा मी गेल्या आठवड्यात येऊन गेलो होतो. चहा दिला. मी तो तसाच ठेवला. खिडकीशी रेडकरांची खुर्ची होती, हातांवर आडवी फळी टाकलेली, लिहायला. फळीला हाताखाली दोन ठिकाणी खळगा पडला होता. मी तिच्याकडं पाठ करून बसलो.

मी काही बोलायच्या आधी बाईच म्हणाल्या, "त्यांनी वाचून दाखवलं नव्हतं. मला ठाऊक आहे. तुम्ही सही केलीत त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं होतं."

मी म्हटलं, "त्याच दिवशी? म्हंजे गावकी बसली तवा तुमाला ठाऊक व्हता?"

"हो."

"नि रोज माझ्या दारावरून शाळेत जात व्हता."

"पाच महिने," बाई म्हणाल्या. "तुमच्या पुतण्याला पाढे शिकवत होते. तुमची बायको मला रोज पाण्याची कळशी भरून ठेवायची, तेव्हासुद्धा. नवऱ्याची नोकरी होती, भाऊ. मी बोलले नाही. आता बोलते. नोकरी संपली, नवरा गेला, आता माझं कुणी काय नेणार? रविवारी येते शिरवण्याला. देवळापुढं उभी राहून सांगते."

बारा वर्षं मी याचीच वाट बघत होतो. बाईंच्या शब्दाला गावात मान आहे, निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. मी चहाचा कप उचलला. तेव्हा त्या म्हणाल्या, "पण एक विचारते. त्यांनी तुम्हांला विचारलं होतं ना, समजलं का म्हणून?"

मी म्हटलं, "विचारला."

"आणि तुम्ही समजलं म्हणालात."

"तशी म्हनायची रीतच असते, बाई."

"ते आयुष्यभर तेवढंच धरून बसले. मी विचारलं होतं, हिराजी समजलं म्हणाले. मी म्हणायचे, तुम्ही वाचलंच नाहीत तर त्यांना समजणार काय? तरी तेच. तुम्हांला धाडलेलं कार्ड परत आलं की दोन दिवस तेच." त्या पुढं म्हणाल्या, "तीस वर्षं मी वर्गात विचारलं, समजलं का? ज्याला काही समजलेलं नसतं ते पोर सगळ्यात आधी मान हलवतं. मला त्याचा कधी राग आला नाही. पण मी रविवारी आले, तर दोन्ही सांगेन, भाऊ. अर्धं सांगणार नाही. अर्धं सांगितल्यानंच हे सगळं झालंय."

म्हणजे त्या घरात बारा वर्षं आरोपी मी होतो. हे ऐकून मला जे वाटलं ते लिहायला माझ्याकडं शब्द नाहीत, ते रेडकरांकडंच असतील कुठल्यातरी डब्यात. उठलो आणि चप्पल घातली. बाई दारापर्यंत आल्या. "येऊ ना रविवारी?" म्हणाल्या. मी म्हटलं, निरोप देतो.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. रबाळे गेलं, महापे गेलं, मी बाहेर बघत होतो आणि मला दिसत होती ती लांब खोली, बाकावरची दहा-बारा माणसं. त्या माणसांत मला 'नाय समजला, परत वाचा' एवढं म्हणता आलं असतं. पाच पानं होती, फार तर अर्धा तास लागला असता. परवानगी हा शब्द माझ्या कानावर पडला असता तर मी तिथंच उठलो असतो. पण रेडकरांचा दोस्त म्हणून त्यांच्याशेजारी बसल्यावर, सगळ्यांदेखत अडाणी ठरायला माझी जीभ वळली नाही. गावाला मी बारा वर्षं एकच वाक्य सांगत आलो, कागद वाचला नाही. ते खरं आहे. त्याच्यापुढचं मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि ती तशीच गेली.

यावरून कुणी असं समजू नये की माझं मन निवळलं. मी रेडकरांना माफ केलेलं नाही. मी चार माणसांत फुशारकी केली. त्यांनी साऱ्या गावापुढं, माझ्या तोंडावर, खोटं सांगितलं. या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत, आणि बाईंनी कितीही समजावलं तरी मी त्या एका मापाच्या म्हणणार नाही. माणूस मोठा होता. हे शब्दांचं वेड, डोळे मिटून एखाद्या शब्दामागं समुद्रापार जाणं, तसं मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही. त्यांच्यानंतर माझ्याशी तसं कुणी बोललंही नाही... आणि तोच माणूस एका सकाळी जमिनीकडं बघून दोन वाक्यं बोलला आणि खाली बसला.

पण माझं जे आहे ते दुसऱ्याच्या तोंडून गावानं ऐकायचं, आणि मी बाजूला खाली मान घालून बसायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडमास्तरांकडं गेलो आणि बाईंना येऊ नका असा निरोप द्यायला सांगितलं. तिथून सरळ गंगाराम पाटलाच्या दारात. तो नळाशी उभा राहून मिश्री लावत होता. बारा वर्षांत त्याच्या अंगणात मी पाय ठेवला नव्हता. मला बघून तोंडातलं बोट न काढताच म्हणाला, "काय रं, आज परवानगी मागाया आलास?" मी म्हटलं, "तोंड धू आधी. सांगायचा हाय." त्यानं तोंड धुतलं, पंच्यानं पुसलं, ओट्यावर मला जागा केली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, रेडकरांनी काय वाचलं नव्हतं ते, आणि त्यांनी विचारल्यावर मी काय म्हणालो ते.